खाजणातली पिवळी पूड

रत्नागिरीला लोक आंब्यासाठी जातात, समुद्रासाठी जातात, काही जण सासरी जातात. मी कोळंबीसाठी गेले. तीही खायला नव्हे, तिच्याविषयी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचं भाषांतर करायला.

पुण्यात मी संध्याकाळी जपानी भाषेचे वर्ग घेत असे. ऐंशीचं दशक सरत आलं होतं आणि जपानी शिकलं की नोकरी लागते, अशी एक अफवा होती. त्या अफवेवर माझं घर चालायचं. मार्चमध्ये मुंबईच्या एका निर्यातदाराचा शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला : जपानहून तपासणीला एक गृहस्थ येताहेत, चार दिवस दुभाषी हवी. विषय कोळंबी. मी म्हटलं, मासे मी खाते. पात्रता म्हणून त्यांना ते पुरेसं वाटलं.

गृहस्थांचं नाव मोरिता. पन्नाशीचे, सडपातळ, कोळंबी विकत घेणाऱ्या जपानी कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला. सामानात कपड्यांची एक लहान पिशवी आणि ॲल्युमिनियमच्या दोन मोठ्या पेट्या. पेट्यांत रिकाम्या बाटल्या, चिकटवायच्या चिठ्ठ्या आणि बर्फासाठी थर्मास. आदल्या हंगामात रत्नागिरीहून गेलेला माल त्यांच्या बंदरात अडकला होता, कारण त्या कोळंबीत औषध सापडलं होतं. माणसाला ताप आला, जखम चिघळली की देतात त्यातलं औषध. त्यांच्या कायद्याला खाण्याच्या वस्तूत असलं औषध अजिबात चालत नाही. कोळंबीला औषध कोणी दिलं, एवढंच पाहायला हा माणूस समुद्र ओलांडून आला होता.

आंबा घाट ते मिरकरवाडा

प्रवासातलं सांगण्यासारखं एवढंच, की आंबा घाटात मोरितांनी तीन वळणांवर जीप थांबवायला लावली आणि तिन्ही वेळा ओकून झाल्यावर कमरेत वाकून माफी मागितली. तोंड दरीकडे होतं, त्यामुळे माफी नेमकी कोणाची ते कळलं नाही. ड्रायव्हर म्हणाला, "ह्यांच्यात घाटाला नमस्कार करतात वाटतं." त्यानेही मग एकदा स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला.

रत्नागिरीत पोचल्यावर कोळंबी गोठवणाऱ्या कारखान्याचे मॅनेजर प्रभुदेसाई भेटले. गोल चेहरा, पांढरा बुशशर्ट, बोलताना दर वाक्याआधी घसा साफ करायची सवय. त्यांनी आम्हांला थेट जेवायला नेलं. मोरितांनी सोलकढीचा पेला उजेडात धरून रंग पाहिला, वास घेतला, एक घोट घेतला आणि मग न बोलता चार पेले प्यायले. पाचव्या पेल्याच्या वेळी वाढणाऱ्या बाईंनी आतून भांडंच आणून शेजारी ठेवलं.

संध्याकाळी मिरकरवाड्याच्या बंदरावर गेलो. होड्या लागत होत्या. मोरितांना पाट्यांमध्ये एक बांगडा आवडला. त्यांनी तो विकत घेतला, खिशातून चाकू काढला, माशाच्या पाठीची कातडी सोलली, पातळ काप केले आणि एका बाटुकलीतला काळा रस त्यावर शिंपडून उभ्या उभ्या खायला लागले. बंदरावरचा गलका हळूहळू थांबला. माणसं लांबून बघत राहिली. शेवटी जाळं आवरणाऱ्या एका म्हाताऱ्या तांडेलाने मला विचारलं, "बाय, ह्यांच्या मुलखात सरपन मिळत नाय काय?"

मी ते भाषांतरित केलं. मोरिता खूप वेळ हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "त्यांना सांगा, मासा कच्चा खायचा तर पाणी स्वच्छ लागतं. सरपण फार महाग पडत नाही."

परतताना प्रभुदेसाई घसा साफ करून मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही त्यांना एवढंच पटवून द्या. आपला माल समुद्रातला. समुद्राला कोण औषध पाजणार?"

मला ते पटलं. मला तेव्हा कोळंबीविषयी कोणीही काहीही पटवून देऊ शकलं असतं.

कारखाना

दुसऱ्या दिवशी कारखाना पाहिला. लांबलचक टेबलं, वाहतं पाणी, बर्फ, आणि दोन्ही बाजूंना उभ्या राहून कोळंबी सोलणाऱ्या बायका. बोटं पाण्याने पांढरीफटक पडलेली, पण वेग असा, की पाहणाऱ्याला आपलीच बोटं लपवावीशी वाटावीत. मोरिता प्रत्येक पाटीपाशी थांबून एकच प्रश्न विचारत : ही कुठली? प्रभुदेसाई वहीत बघून होडीचं नाव सांगत. मी ते जपानीत सांगे. असं तासभर चाललं. सगळ्या होड्यांची नावं देवांची होती, त्यामुळे शंका घ्यायला जागा नव्हती.

एका पाटीपाशी मोरिता जरा जास्त थांबले. त्यातली कोळंबी मोठी, पट्ट्यांची आणि सगळीच्या सगळी एका मापाची होती.

"समुद्रात सगळे एका उंचीचे कसे?" त्यांनी विचारलं.

मी हे मराठीत विचारल्यावर प्रभुदेसाई वहीत शोधू लागले. तेवढ्यात सोलणारी एक बाई मान वर न करता म्हणाली, "ती समुद्रातली कुठली? ती शेतातली. नागवेकरांच्या शेतातली. ह्या हंगामात शेतातलीच जास्त येते."

प्रभुदेसाईंनी वही मिटली. मला जरा बाजूला घेतलं आणि अगदी हळू म्हणाले, "मॅडम, हे वाक्य ऐच्छिक आहे."

"म्हणजे?"

"नाही सांगितलंत तरी चालेल. हे गिऱ्हाईक गेलं तर कारखाना बंद. ह्या सगळ्या बायकांच्या चुली त्यावर आहेत. तुम्ही चार दिवसांनी पुण्याला जाल."

माणूस वाईट नव्हता. हे बोलताना त्याचे डोळे खरोखर त्या टेबलांवर होते. मी मोरितांकडे वळले आणि सांगितलं, "त्या बाई म्हणताहेत, माल निवडून लावलाय, म्हणून एका मापाचा दिसतो."

दुभाष्याचं खोटं कोणाला सापडत नाही, असा माझा समज होता. दोन्ही भाषा येणारं खोलीत दुसरं कोणी नसतं. मोरितांनी मान हलवली, वहीत काहीतरी लिहिलं आणि आम्ही पुढच्या पाटीकडे गेलो.

संध्याकाळी लॉजवर जेवताना त्यांनी ती वही माझ्यासमोर ठेवली. तिच्यात जपानी लिपीत, उच्चार ऐकून, एक शब्द तीनदा लिहिला होता : शेतो, शेतो, शेतो.

"त्या बाईंनी हा शब्द तीनदा म्हटला," मोरिता म्हणाले. "तुमच्या भाषांतरात तीनदा आलेला एकही शब्द नव्हता. मला मराठी येत नाही, पण मोजता येतं. ह्याचा अर्थ काय?"

रागावले असते तर बरं झालं असतं. ते वाटीत आमटी घेत होते.

"शेत म्हणजे शेत," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. ऐच्छिक वाक्याचं सुद्धा. ते ऐकून घेतल्यावर म्हणाले, "उद्या शेत पाहू. उद्यापासून माझ्या बोलण्यातलं काही गाळू नका. त्यांच्या बोलण्यातलंही नाही."

खाजण

गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्यासारखी तळी पुढे इतर ठिकाणीही पाहिली, त्यामुळे एका गावाला बदनाम करण्यात अर्थ नाही. खाडीकाठी बांध घालून खारं पाणी अडवलेली सखल जमीन असते, तिला खाजण म्हणतात. पूर्वी तिथे खाऱ्या पाण्याला दाद न देणारं भात व्हायचं. पुरुष मुंबईला गेले, बांध फुटले, भात गेलं. नागवेकरांनी तेच बांध पुन्हा घातले आणि आत चार तळी केली.

नागवेकर म्हणजे जहाजावरून उतरलेला माणूस. वीस-बावीस वर्षं इंजिनरूममध्ये तेलपाणी केलं, आता गावाला परतलेले. चालताना अजून पाय फाकवून टाकत, जणू बांध हलतोय. आम्हांला पाहून त्यांना मनापासून आनंद झाला.

"या या! गावात जपानी माणूस पहिल्यांदा येतोय. मी मात्र ह्यांच्या योकोहामाला तीनदा जाऊन आलोय." मग मोरितांशी हात मिळवून त्यांनी जपानीत 'एक बिअर, थंड' असं म्हटलं. त्यांना तेवढंच येत होतं. मोरितांनी वाकून आभार मानले.

बिअरऐवजी शहाळी आली, नागवेकरांच्या बायकोने केलेली घावणं आली, ओल्या नारळाची चटणी आली. कोणी काही लपवत नव्हतं. प्रभुदेसाई सोबत होते, ते घावणांकडे बघत बसले होते. नागवेकरांनी आम्हांला बांधावरून फिरवलं. तैवानच्या एका बंदरात जहाज दुरुस्तीसाठी अडकलं असताना त्यांनी अशी तळी पहिल्यांदा पाहिली. तेव्हाच ठरवलं, आपल्या पडीक खाजणात हेच करायचं. कोळंबीचं खाद्य तैवानचं, ते मुंबईत उतरतं. औषधही तिथलंच, एक जुना जहाजावरचा दोस्त आणून देतो.

"औषध?" मी विचारलं. आणि लगेच मोरितांना सांगितलं, की मी काय विचारलं.

"टॉनिक म्हणा. गेल्या साली तळ्यात रोग आला. सकाळी बघावं तर काठाला मेलेली. दोस्त म्हणाला, ही पूड खाद्यात कालव. कालवली, मरण थांबलं. तेव्हापासून रोज देतो. शेवटच्या दिवशी जरा जास्तच देतो. परदेशी जायची, तब्येत बरी असलेली बरी."

खोपीतून त्यांनी डबा आणला. आत पिवळी पूड, वर कागदी पट्टी. पट्टीवर सगळा मजकूर चिनी अक्षरांत. नागवेकरांनी डबा माझ्या हातात दिला आणि उत्सुकतेने विचारलं, "बाई, तुम्हांला ही अक्षरं येतात ना? वर्षभर वापरतोय. काय लिहिलंय ह्याच्यावर?"

जपानी लोक चिनी अक्षरं वापरतात, म्हणून मला थोडीफार वाचता येतात. 'पाण्यातल्या जनावरांसाठी' एवढं लागलं. मुख्य नावात 'चार' आणि 'कडी' अशी दोन अक्षरं होती. "चार कड्या," मी म्हटलं. मला वाटलं, कारखान्याचं नाव असेल.

मोरितांनी डबा घेतला, वाचला, खाली ठेवला. वहीत त्यांनी एकमेकींना चिकटलेली चार षटकोनी घरं ओळीने काढली आणि म्हणाले, "हे ह्या औषधाच्या कणाचं चित्र. चार कड्या. टेट्रासायक्लिन जातीचं. टेट्रा म्हणजे चार." मग पट्टीच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "आणि ही ओळ त्यांना नीट वाचून दाखवा."

मी अक्षर अक्षर लावत वाचलं. माल काढायच्या कित्येक दिवस आधी हे देणं बंद करावं, असं त्यात होतं.

नागवेकरांनी चारही तळ्यांकडे एकदा पाहिलं. मग बांधावर उकिडवे बसले.

"म्हणजे ह्यांच्या बंदरात अडकला तो माल माझाच," ते म्हणाले. "आणि मी मेला शेवटच्या दिवशी मूठभर जास्त घालत होतो."

प्रभुदेसाई घसा साफ न करता म्हणाले, "तू मला सांगायचंस, नंदू."

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही माप विचारायचात."

हे दोन्ही मी मोरितांना सांगितलं. आज काहीच ऐच्छिक नव्हतं.

उघाडी

बांधाला एके ठिकाणी लाकडी झडप असते, तिला उघाडी म्हणतात. भरतीला ती उघडून ताजं पाणी आत घ्यायचं, ओहोटीला तळ्यातलं जुनं पाणी खाडीत सोडायचं. दुपारी ओहोटी होती आणि तळ्यातलं पाणी त्यातून बाहेर पडत होतं, चहासारखं, फेसाळ. मोरिता तिथे उतरून गुडघाभर चिखलात बाटल्या भरू लागले. पेट्या घेऊन मी मागे. माझी एक चप्पल चिखलाने घेतली ती घेतलीच.

उघाडीच्या खालच्या अंगाला उघड्या पडलेल्या खडकांवर चारपाच बायका कालवं काढत होत्या. कालवं म्हणजे खडकाला घट्ट चिकटून बसणारे शिंपले. कोयतीच्या टोकाने टिचवून आतला मऊ गोळा काढायचा आणि डब्यात टाकायचा. त्यांची कड पात्यासारखी धारदार असते. एक चाळिशीची बाई बाजूच्या दगडावर बसून काम करत होती, कारण तिच्या उजव्या पायाला चिंधी बांधलेली होती. बाटल्या पाहून तिने मला हाक मारली.

"बाय, ह्ये डाक्टर काय गो? माझा पाय बगतील?"

तिचं नाव भागीरथी. मी म्हटलं, ते डॉक्टर नाहीत, कोळंबी तपासतात. "मंग पाय पण बगू दे, कोळंबीहून मोटा हाय," ती म्हणाली आणि चिंधी सोडायला लागली.

अंगठ्याची जखम काळीनिळी होती आणि वास येत होता. शिमग्याच्या आधी कालव लागलं होतं.

"डाक्टरनी आदी गोळ्या दिल्यान्. मंग परत त्याच दिल्यान्, जास्त दिस. पाय काय ऐकत नाय. आता म्हनतो, मोठ्या हास्पिटलात जा."

मोरितांनी विचारलं, कुठल्या गोळ्या. तिने पदराची गाठ सोडून चुरगळलेली पट्टी दिली. उरलेल्या दोन गोळ्या त्यात होत्या आणि मागे इंग्रजीत तेच नाव होतं. ते वाचायला मला मोरितांची गरज पडली नाही.

मी त्यांना नाव सांगितलं. ते चिखलात उभे होते, हातात भरलेली बाटली.

"त्यांना सांगा," ते सावकाश म्हणाले, "की जंतूंना एखादं औषध रोज थोडं थोडं मिळालं, की पुढे ते त्याला दाद देत नाहीत. ह्या पाण्यात ते औषध रोज सुटतं. त्यांच्या पायाचं कारण हेच, असं मी म्हणू शकत नाही. तेवढा पुरावा माझ्याकडे नाही. पण त्यांनी आजच मोठ्या इस्पितळात जावं, आणि तिथे सांगावं, की ह्या गोळ्या लागू पडल्या नाहीत."

मी सगळं सांगितलं, बांधावरच्या डब्यासकट. भागीरथीने ते कोयती मांडीवर ठेवून ऐकलं. मग उघाडीतून येणाऱ्या पाण्याकडे पाहिलं, मग मोरितांकडे.

"तेंच्या मुलखात ह्ये औषद खान्यात चालत नाय?"

"नाही."

"म्हनून एवढ्या लांबून बगायला आले?"

"हो."

"मंग आमी ह्याच पान्यातली कालवां खाताव. ती बगायला कोन येनार, ता इचार त्यांना."

मी विचारलं. एक शब्दही गाळला नाही. मोरितांनी बाटलीचं बूच लावलं आणि म्हणाले, "मला कोळंबीसाठी पाठवलं आहे. ह्या प्रश्नाला माझ्या कंपनीत विभाग नाही."

मी ते सांगितलं. ती म्हणाली, "खरा बोलला." मग मोरितांनी एक रिकामी बाटली पुढे केली आणि खुणेने मागितल्यावर तिने त्यात तिच्या डब्यातली थोडी कालवं घातली. ती कंपनीच्या यादीत नव्हती.

नागवेकर बांधावरून हे सगळं ऐकत होते. ते खाली आले, झडप खांद्याने दाबून बसवली आणि उघाडी बंद केली. मग भागीरथीला त्यांनी आमच्या जीपमध्ये बसवलं. इस्पितळापर्यंत ती मागच्या सीटवर कालवांचा डबा मांडीत घेऊन बसली होती, आणि मोरिता पुढच्या सीटवर बर्फाची पेटी मांडीत घेऊन.

पुन्हा

मेच्या मध्याला माझ्या पुण्याच्या पत्त्यावर जपानहून जाड पाकीट आलं. आत मोरितांच्या अहवालाची एक प्रत आणि वेगळं पत्र. पत्राच्या माथ्यावर लिहिलं होतं : 'कालवं काढणाऱ्या बाईंना.' खाडीच्या पाण्यात, चिखलात आणि कालवांत, तिन्हींत ते औषध सापडलं होतं. मोरितांनी तपासणी सुट्टीच्या दिवशी केली होती आणि कालवांचं पान अहवालात घालायला वरिष्ठांनी नकार दिला होता. म्हणून ते इथे पाठवत आहे, क्षमा असावी, असं शेवटी होतं.

भागीरथीला वाचता येत नव्हतं. दुसरं कोणी तिला जपानी वाचून दाखवील, अशी शक्यता कमी होती. मी स्वारगेटहून एस.टी. पकडली.

रत्नागिरीत प्रभुदेसाई भेटले. जपानी गिऱ्हाईक गेलं होतं, माल आता दुसऱ्या देशात जात होता. "तिथे एवढं बघत नाहीत," ते म्हणाले. कारखाना चालू होता. वहीत मात्र होडीच्या रकान्याशेजारी 'शेत' असा रकाना त्यांनी स्वतःच्या हाताने आखला होता. तो मला दाखवताना त्यांना थोडं बरं वाटत होतं.

नागवेकरांनी पूड बंद केली, आणि आठवड्याभरात चारही तळी मेली. त्यांनी ती सगळी कोळंबी चुना टाकून पुरली आणि ते पुन्हा जहाजावर गेले. खाजण मुंबईच्या एका पार्टीने चालवायला घेतलं आहे, असं त्यांच्या बायकोने सांगितलं. खोपीत नवे डबे होते. त्यांच्यावर मजकूर इंग्रजीत होता. उघाडी उघडी होती.

भागीरथी खडकावरच सापडली. इस्पितळात अंगठा काढावा लागला होता. पाय वाचला. आता ती मोजे आणि कॅनव्हासचे बूट घालून कालवं काढत होती. मी शेजारी बसून पत्र वाचलं, एक वाक्य जपानीत, एक मराठीत, असं. जपानी वाचायची गरज नव्हती, पण पत्र तिचं होतं.

संपल्यावर ती म्हणाली, "म्हंजे कालवांत हाय ता."

"हो."

"मंग आता मी काय करू?"

हे मराठीतच होतं आणि मलाच विचारलेलं होतं. तिने थोडा वेळ वाट पाहिली, मग पत्र घडी घालून पदरात बांधलं आणि भरतीच्या आत डबा भरायला वाकली.

दुपारी तिच्या घरी जेवले. तांदळाची भाकरी, आणि कांदा-कोकम घालून केलेलं कालवांचं सुकं. तिने ताट माझ्यापुढे ठेवलं आणि समोर बसली. ती माझ्याकडे बघत होती, खाते की नाही ते.

मी खाल्ली. दुसऱ्यांदा मागून घेतली. कालवं फार चविष्ट होती. हे लिहायला हवं, कारण तेही खरं आहे.